खणातलं पुस्तक

कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ मी दोन महिने टेबलाच्या खणात ठेवली होती. दाखल नोंदवहीत तिची नोंद झाली होती, शिक्के मारून झाले होते, पाठीवर क्रमांक चिकटवला होता, आत तारखांची पट्टी डकवली होती. कपाटात जायला ती मोकळी होती. मीच तिला जाऊ देत नव्हते. कारण होते आबा. रोज सकाळी साडेनऊला ते आमच्या वाचनालयात येतात आणि वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी, खिडकीच्या बाजूला बसतात.

आबांचं गाव वारणेच्या धरणात गेलं. आता ते आमच्या गावाच्या कडेच्या वसाहतीत राहतात. येऊन इतकी वर्षं झाली, नातवंडं इथल्या शाळेत शिकून नोकरीला लागली, तरी गावातली माणसं तिला वसाहतच म्हणतात आणि तिथल्या माणसांना धरणग्रस्त. ‘रिंगाण’ अशाच उठवलेल्या माणसांची कादंबरी आहे. जुन्या गावात मागं राहिलेली म्हैस, तिला आणायला परत निघालेला माणूस, आणि माणसांवाचून रानटी होत गेलेलं जनावर. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला, त्यानंतर आम्ही ती घेतली. मी एका रात्रीत वाचून काढली. सकाळी आबांना खिडकीशी बसलेलं पाहिलं आणि माझा हात आखडला. ज्याचं गाव पाण्याखाली आहे, त्याच्या हातात हे पुस्तक द्यायचं?

एकतीस वर्षं मी या खुर्चीत बसते आहे. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे आमचं. संध्याकाळी देवघेव सुरू झाली की पहिलं वाक्य ठरलेलं. “बाई, काहीतरी चांगलं द्या.” नवीन काय आलंय, कुणाचं आत्मचरित्र आलंय, रडवणारं नको, फार जाड नको, मुलीनंही वाचलं तर चालेल असं हवं. मी उठते, कपाटाकडे जाते, एक पुस्तक काढते. उठल्यापासून पुस्तक त्यांच्या हातात पडेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात मी त्या माणसाविषयी एक निवाडा केलेला असतो. हा काय सोसेल, हिला काय कळेल, याला कशाची गरज आहे. ‘रिंगाण’ खणात पडून राहिली तोवर हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

ग्रंथपालनाच्या वर्गात आम्हाला रंगनाथनांची पाच सूत्रं शिकवली होती. मद्रासला गणित शिकवता शिकवता ग्रंथपाल झालेल्या या माणसानं 1931 साली ती पुस्तकरूपानं मांडली. प्रत्येक वाचकापर्यंत त्याचं पुस्तक पोचावं, हे दुसऱ्या सूत्राचं सांगणं. प्रत्येक पुस्तकापर्यंत त्याचा वाचक, हे तिसऱ्याचं. इतकी वर्षं मी ही दोन सूत्रं जपमाळेसारखी ओढली. त्यांतला ‘त्याचं’ हा शब्द मात्र कधी थांबून पाहिला नाही. आबांचं पुस्तक कोणतं? धरणाचं, की घटकाभर धरण विसरायला लावणारं? आणि हे ठरवायचं कोणी?

आपल्या परंपरेत या प्रश्नासाठी एक जुना शब्द आहे: अधिकार. आज तो कचेरीत आणि कायद्यात जाऊन बसला आहे. ग्रंथाच्या बाबतीत त्याचा अर्थ पात्रता. बी.ए.ला माझं संस्कृत होतं. सदानंदांचा ‘वेदान्तसार’ तेव्हा वाचला. शास्त्रग्रंथाच्या आरंभीच चार गोष्टी सांगायच्या असतात: अधिकारी कोण, विषय काय, त्या विषयाशी ग्रंथाचा संबंध कोणता आणि प्रयोजन काय. आधी वाचणाऱ्याची पात्रता, मग बाकीचं. विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ हे ज्याच्यापाशी आहे तो अधिकारी. शिवाय वेदाध्ययनाची अट होतीच, म्हणजे जन्माचीही होती. परीक्षेसाठी हे पाठ करताना मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. औषधाच्या बाटलीवर वय लिहिलेलं असतं, तसंच हे, असं वाटायचं.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शूद्राला वेदाचा अधिकार नाकारला. मात्र इतिहास आणि पुराणं चारही वर्णांनी ऐकायला त्यांची हरकत नाही. भागवतही सांगतं की वेद ज्यांच्या कानी पडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी, त्यांत बायकाही आल्या, व्यासांनी करुणेनं महाभारत रचलं. या करुणेचा मला राग येतो. आणि तरीही मी तिची ऋणी आहे, कारण तिच्यामुळे गोष्ट तेवढी सगळ्यांसाठी उघडी राहिली. कादंबरी आणि आठवणींची पुस्तकं त्या गोष्टीच्याच कुळातली. ज्ञानदेवांनी नेवाशाला, शके 1212 मध्ये, गीतेवर मराठीत बोलताना अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटलं आहे. संपन्न खरा, पण तीन वर्णांपुरताच बोलणारा. कृपण हा शब्द त्यांनी फार नेमका निवडला. कंजूष माणूस वाईट असतोच असं नाही. आपल्याजवळची वस्तू अपात्र हातात जाऊन वाया जाईल, या भीतीनं तो मूठ आवळतो.

माझ्या आईनं ही आवळलेली मूठ पाहिली होती. माझे आजोबा दत्तभक्त. पौर्णिमा नरसोबाच्या वाडीला व्हायची, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी घरी गुरुचरित्राचा सप्ताह. सोवळं नेसून, पोथी चौरंगावर ठेवून आजोबा मोठ्यानं वाचायचे. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असं घरात मानत. आई सातवी पास होती, हस्ताक्षर आजोबांपेक्षा सुरेख होतं, पण पोथीला तिचा हात लागायचा नाही. ती माजघराच्या उंबऱ्याशी तांदळाचं ताट घेऊन बसायची. सात दिवस रोज तेवढेच तांदूळ निवडायची. लहानपणी मला वाटायचं, दत्तजयंतीच्या तांदळात खडे फार असतात.

अशी वीस-पंचवीस पारायणं तिनं उंबऱ्यावरून ऐकली. अठरावा अध्याय तिचा आवडता, कारण तो आमच्या नदीवर घडतो. वाडीशेजारच्या अमरापुरातला गरीब ब्राह्मण, भिक्षेवर जगणारा. दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे, त्या दिवशी घेवड्याच्या शेंगा शिजवून घरादारानं खायच्या. एक दिवस गुरू भिक्षेला आले, घरात दाणा नव्हता, ब्राह्मणाच्या बायकोनं शेंगाच वाढल्या. गुरू जेवले आणि जाताना तो वेल मुळापासून तोडून गेले. बाई रडू लागली. नवऱ्यानं समजूत घातली. मग उरलेलं मूळ काढायला त्यानं जमीन खणली, तर खाली द्रव्यानं भरलेला घडा.

वाचनालयात काम करायला लागल्यापासून ही कथा माझ्या मनात निराळीच होऊन बसली आहे. मी ज्या कादंबऱ्या लोकांना देते, त्यांतल्या बऱ्याच वेल तोडणाऱ्या असतात. नंदा खऱ्यांची ‘उद्या’ घ्या. सुखी, नोकरदार घरातल्या माणसानं ती नीट वाचली तर आपण ज्याला सोय म्हणतो त्या प्रत्येक गोष्टीकडे तो संशयानं पाहू लागेल. सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ वाचून एक शिक्षक मला म्हणाले होते, “बाई, आता सभेला गेलं की व्यासपीठावर कोण आहे ते बघत नाही, दोरी कुठं जातेय ते बघतो.” ते हे आनंदानं सांगत नव्हते. दारातल्या वेलावर त्यांचं बरं चाललं होतं. तो मी तोडला. खाली घडा आहे की नाही, हे मला कुठं माहीत होतं? गुरूंना माहीत होतं. गुरूत आणि ग्रंथपालात हाच फरक.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात बुद्धिभेदाची गोष्ट आहे. कर्मात गुंतलेल्या साध्या माणसाच्या बुद्धीला जाणत्यानं हादरा देऊ नये, असा तो सल्ला. ‘रिंगाण’ खणात टाकताना माझ्या मनात हाच श्लोक होता, हे मी कबूल करते. आबांच्या दिनक्रमाला एक वीण होती. वर्तमानपत्र, चहा, अकराला वसाहतीकडे परत. ती मी का उसवावी?

पण हा युक्तिवाद कुठं घेऊन जातो, ते मला एका मुलानं दाखवलं. आमच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथं बसणारा एक मुलगा त्या वर्षी दहावीला इंग्रजीत नापास झाला. माझ्या डोळ्यांसमोर लगेच शरद बाविस्करांचं ‘भुरा’ आलं. 2021 साली आलेलं हे आत्मकथन. धुळे जिल्ह्यातल्या रावेर गावचा मुलगा दहावीत इंग्रजीत नापास होतो, मजुरी करतो, आणि पुढं भाषा शिकत शिकत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंच शिकवायला जातो. त्यातली आई विसरता येत नाही. आणि नापास होणं म्हणजे नेमकं काय होणं, कोण कोणाला नापास करतं, हा विचारही. मी ते त्या मुलाला दिलं. वर म्हटलं, “हे वाच, तुझ्यासाठीच आहे.” चार दिवसांनी त्यानं ते परत आणून टेबलावर ठेवलं. पान उलटलेलं दिसत नव्हतं. म्हणाला, “मॅडम, आता सगळे मला नापास झालेल्यांच्याच गोष्टी सांगतात.” आणि नारायण धारपांची भुताची कादंबरी घेऊन गेला.

त्या वाक्यानं मी रात्रभर जागी होते. मला वाटलं होतं मी त्याला पुस्तक दिलं. मी त्याला एक जागा दिली होती, आणि तिथं बस म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी देवघेवीच्या जुन्या वह्या काढल्या. एकतीस वर्षांतल्या सगळ्या नाहीत, पण सात-आठ काढल्या आणि रविवारी बंद वाचनालयात बसून पाहिल्या. बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’, ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ कोणाकोणाच्या नावावर गेलं ते बोटानं ओळी धरून वाचत गेले. आडनावं ओळखीची होती. ज्यांच्या घरी ते जगून झालं होतं, त्यांच्याच घरी मी ती पुस्तकं पाठवत आले होते. पेठेतल्या, मोठ्या वाड्यांतल्या घरी मी ऐतिहासिक कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, डॉक्टरांच्या आणि नटांच्या आठवणी दिल्या होत्या. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. त्या आडनावांच्या माणसांनी ‘आयदान’ मागितलं आणि मी दिलं नाही, असंही कधी झालं नाही. त्यांनी मागितलं नाही आणि मी सुचवलं नाही. ज्या अधिकारभेदाला मी भाषणांत नावं ठेवते, तो माझ्याच हस्ताक्षरात, निळ्या शाईत, तारीखवार लिहिलेला होता. वेद तिघांनाच देणारा आणि दुःखाची पुस्तकं दुःखी माणसालाच देणारी, यांत कृपण कोण अधिक, हे मला सांगता येत नाही.

आणि या वाटणीत तोटा दोन्हीकडे होतो. ज्यानं ते भोगलंय त्याला वाटतं, वाचनालयातही आपल्यासाठी आपलंच दुखणं ठेवलेलं आहे. ज्यानं भोगलेलं नाही, त्याच्यापर्यंत ते कधी पोचतच नाही. ‘जिणं आमुचं’ फलटणच्या ज्या गल्लीत लिहिलं गेलं, तिथून ते दुसऱ्या गल्लीत जावं म्हणूनच लिहिलं गेलं ना? नवनाथ गोरेंची ‘फेसाटी’ आमच्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली. 2018 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. शिकायचं म्हणून दुष्काळी मुलखातलं पोर काय काय सोसतं, ते त्यात तिथल्याच बोलीत आहे. कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरांनी ती वाचायला हवी. जत इथून काही तासांवर आहे, आणि पाण्याच्या हिशेबात तर पार दुसऱ्या देशात. मी ती आता त्या घरांत देते. एका बाईंनी परत आणताना विचारलं, “हे आपल्या जिल्ह्यातलं?” दोनदा विचारलं.

‘भुरा’ पुढं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंना दिलं. त्यांनी तीन आठवडे ठेवलं. काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुस्तक जपायचं म्हणून बंद करण्याचा आपल्या मातीतला एक मोठा दाखला आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या, तेराव्या शतकात. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. मराठीतलं आरंभीचं गद्य, आणि ते आठवणींचं पुस्तक आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. कोण कुठं बसलं होतं, काय खाल्लं, कोणी काय विचारलं, असल्या बारीकसारीक आठवणी. पुढं चक्रधरांच्या महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. आक्रमण, छळ, निंदा या सगळ्यांतून ते वाचावेत म्हणून. ग्रंथ वाचले खरे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्यांतली सकळ लिपी उलगडेपर्यंत, मराठी बोलणाऱ्या बहुतेकांना आपल्या भाषेत असं काही आहे याचा पत्ताच नव्हता. त्या पंथाला तसं करण्याची कारणं होती, प्राणांतिक होती. माझ्या खणाला कोणतं कारण होतं?

दुसऱ्या बाजूला केळुसकर आहेत. मुंबईतल्या चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा वाचत बसलेला कृष्णराव अर्जुन केळुसकरांना दिसायचा. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. मुलगा परीक्षा पास झाला, त्याच्या समाजातल्या लोकांनी कौतुकाची सभा भरवली, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही आठवण नोंदवली आहे. मी यात एका गोष्टीपाशी पुन्हापुन्हा थांबते. केळुसकर 1934 साली गेले. हिंदू म्हणून मरणार नाही ही येवल्याची घोषणा 1935 ची. नागपूरची दीक्षा 1956 ची. म्हणजे आपण दिलेल्या त्या पुस्तकाचं पुढं काय झालं, हे देणाऱ्याला कधीच कळलं नाही. त्यांनी अधिकार तपासला असता तर त्या काळच्या कोणत्या मापानं तपासला असता? त्यांनी एवढंच पाहिलं असावं की मुलगा वाचतो आहे. भुकेला आहे.

भूक म्हटलं की गीतेचाच शेवट आठवतो. तिसऱ्या अध्यायातल्या बुद्धिभेदाचा आधार घेऊन मी गप्प बसले होते, पण अठराव्या अध्यायाच्या अखेरीस कृष्ण अर्जुनाला सांगतात, हे कोणाला सांगू नये. चार प्रकारची माणसं आहेत त्यात: तप नसलेला, भक्ती नसलेला, ऐकायची इच्छा नसलेला, आणि माझी निंदा करणारा. कादंबरी देताना यातली तीन माझ्या कामाची नाहीत. भक्तीची अट मी घालू शकत नाही, निंदा करणाऱ्याला तर मी आवर्जून देईन. तिसरी मात्र मला पटते. ऐकायची इच्छा. संस्कृतात तिला शुश्रूषा म्हणतात. आपण मराठीत शुश्रूषा म्हणजे आजाऱ्याची सेवा समजतो. मूळ धातू ऐकण्याचा आहे, आणि शब्दाचा पहिला अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायचं तर त्याच्यापाशी राहावं लागे, राहायचं तर सेवा करावी लागे, असा तो अर्थ सरकत गेला. मुलाकडे धारप ऐकायची इच्छा होती, ‘भुरा’ ऐकायची नव्हती. मी ती विचारलीच नाही.

आईच्या शेवटच्या आजारात हे दोन्ही अर्थ माझ्या वाट्याला एकत्र आले. ती अंथरुणाला खिळली होती. मी रजा टाकून घरी होते. एका दुपारी म्हणाली, “पोथी काढ.” आजोबांच्या पश्चात पोथी लाल फडक्यात तशीच बांधलेली होती. मी म्हटलं, “कोण वाचणार?” ती म्हणाली, “तू.” मी हातपाय धुतले आणि तिच्या उशाशी बसून वाचायला लागले. पहिल्यांदाच त्या घरात गुरुचरित्र बाईच्या आवाजात वाचलं जात होतं. ती मध्येमध्ये पुढची ओवी आधीच म्हणायची. उंबऱ्यावरून पाठ झालेलं सगळं. अठरावा अध्याय झाला. मी थांबले. तिला आवडायचा म्हणून मुद्दाम सावकाश वाचला होता. थोड्या वेळानं डोळे मिटूनच ती म्हणाली, “घडा सापडला ते बरंच झालं. पण वेल तिचा होता. तिला विचारलं का गं कुणी?”

पंचवीस पारायणं ऐकून तिनं हा प्रश्न जपून ठेवला होता. वाचणाऱ्या आजोबांना तो कधी पडला असेल असं मला वाटत नाही.

आबांच्या बाबतीत मी त्या गुरूंसारखी वागले नव्हते. वेल तोडला नव्हता. पण विचारलंही नव्हतं. माणसाला न विचारता त्याचं दुःख उकरणं आणि न विचारता ते त्याच्यापासून लपवणं, दोन्हींत विचारणं राहून जातंच. एका सोमवारी मी खण उघडला, ‘रिंगाण’ काढली आणि नव्या पुस्तकांच्या फळीवर, दर्शनी भागात ठेवली. आबांना काही सांगितलं नाही. अजूनही धीर होत नव्हता, हेच खरं.

बुधवारी ते पुस्तक हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. मागचा मजकूर त्यांनी वाचला होता. पट्टीवर एकही तारीख नव्हती, पण माझ्या पेन्सिलीची बारीक खूण आणि खरेदीचा महिना होता. आबा तलाठ्याच्या कचेरीत आयुष्यभर कागद वाचत आलेला माणूस. दाखल्यापायी, प्लॉटपायी, उताऱ्यापायी. त्यांच्या नजरेतून तारीख सुटत नाही.

“बाई, ह्ये दोन म्हयने झालं आलंय. मला का दिलं न्हाईसा?”

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, “आबा, तुम्हाला त्रास होईल असं वाटलं.”

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावलेले नव्हते. “तरास तर हायच की बाई. त्यो काय ह्या पुस्तकानं आणलाय व्हय?” म्हणाले, आणि कार्ड पुढं केलं.

अकरा दिवस आबा सकाळी आले नाहीत. मी वसाहतीतल्या पोरांकडे चौकशी केली. बरे आहेत, घरीच आहेत, वाचतात, असं कळलं. बाराव्या दिवशी पुस्तक घेऊन आले. आवडलं की नाही ते बोलले नाहीत. खुर्चीत बसले आणि त्यांच्या घरच्या जात्याविषयी सांगायला लागले. गाव उठलं तेव्हा ट्रकात जागा नव्हती, जातं राहिलं. उद्या येऊन नेऊ म्हणाले. त्यांची आई नव्या घरात आली तरी पहाटे उठून बसायची, हात नेमका कुठं ठेवायचा ते तिला सुचायचं नाही. पिठाची गिरणी वसाहतीला लागूनच होती, त्यामुळे जात्याची गरज नव्हती. “पर गरज कुनाला हुती,” आबा म्हणाले, “तिचं गानं त्याच्यावर हुतं.” मग त्यांनी एक मळ्याचं नाव सांगितलं, एक ओढ्याचं. मी मागच्या कोऱ्या पावतीवर ती नावं लिहून घेतली. त्यांनी पाहिलं आणि पुढची नावं सावकाश सांगायला लागले, मला लिहिता यावं इतक्या सावकाश.

उठताना त्यांनी विचारलं, “ह्याच्यामागं नंबर कुनाचा?”

नंबर साहेबांचा होता. आमचे एक वाचक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी धरणांच्या कामांवर काढली, आणि त्या कामाचा त्यांना अभिमान आहे. तो असायलाही हवा, आमच्या तालुक्याचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे. मी त्यांना वर्षानुवर्षं प्रवासवर्णनं दिली. वह्या पाहिल्यानंतर मी त्यांना ‘रिंगाण’विषयी सांगितलं होतं. या वेळी ‘तुमच्यासाठी आहे’ असं म्हटलं नाही. मला हिच्यानं झोप लागली नाही, एवढंच म्हटलं, आणि वाचायची का असं विचारलं. ते थोडे थांबून “नाव लिहून ठेवा” म्हणाले होते. तरी मनात खटकत होतं. त्यांना पुस्तक देते आहे, की न बोलता आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते आहे? मुलाला मी नापासाच्या जागी बसवलं होतं, यांना कोणत्या जागी बसवते आहे? याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, आजही नाही.

मी आबांना खरं ते सांगितलं. साहेबांचं नाव ते ओळखत होते. काहीच न बोलता त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीशी जाऊन वर्तमानपत्र उघडलं.

संध्याकाळी साहेब आले. तारीख मारायला पुस्तक उघडलं तर मधल्या एका पानावर एसटीचं जुनं तिकीट होतं, खुणेसाठी ठेवलेलं. आबा त्या पानावर थांबले होते की तिथून पुढं निघाले होते, कोण जाणे. परत आलेल्या पुस्तकातल्या असल्या खुणा, चिठ्ठ्या, पिंपळपानं काढून टाकायची, हा आमच्याकडचा नियम मीच घातलेला आहे. साहेब चष्मा पुसत समोर उभे होते. मी तारीख मारली, तिकीट होतं तिथंच राहू दिलं, आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.